मुऱ्हाळी येऊ दे

बुलढाण्याची हवा किती थंड, किती छान, असं कौतुकाने सांगणारा कुणी भेटला की त्याला पौषातल्या सकाळी आमच्या मळ्यात मेथी उपटायला बसवावं असं मला वाटतं. मेथी दवाने भिजलेली, बोटं वाकायला तयार नाहीत, नाकाला धार लागलेली आणि ती पुसायला हात रिकामा नाही. मग सांग म्हणावं आता, हवा कशी आहे ते.

माझा जन्म घाटाखालचा. आमच्या जिल्ह्यात माणसाला आधी हेच विचारतात, घाटावरचा का घाटाखालचा. बाकीची चौकशी नंतर. घाटाखाली ऊन, कापूस आणि रात्री अंगणात बाजेवर झोपणं. घाटावर नुसता वारा. माझं माहेर रोहिणखेड, डोंगराच्या पायथ्याचं, आणि मला दिली ती डोंगराच्या माथ्यावर. सासरच्या गावाबाहेर म्हसोबा आहे. तिथे कड्याशी उभं राहिलं की खाली माझ्या माहेरची झाडं दिसायची. हवा स्वच्छ असली तर जुन्या मशिदीचे काळे दगडसुद्धा दिसायचे. लग्न ठरवताना माझ्या आईला सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, पोरगी डोळ्यासमोर राहील. राहिले ना मी डोळ्यासमोर. भरलेलं ताट समोर असावं आणि हात मागे बांधलेले असावेत, तशी राहिले.

ही गोष्ट महाराष्ट्र नवानवा झाला तेव्हाची. आता मुंबई आपली राजधानी, असं माझे सासरे उकंडराव पारावर बसून लोकांना समजावून सांगायचे. राजधानी नागपूरची मुंबईला गेली म्हणे, मग मधल्या काही वर्षांत काय काय झालं, ते सगळं त्यांना पाठ होतं. पण सुनेने माहेरी कसं जायचं, याचा आमच्या घरातला कायदा कुठल्याच राज्यात बदलला नाही.

कायदा असा. सुनेने आपल्या पायाने माहेरी जायचं नाही. माहेराहून कुणीतरी न्यायला आलं पाहिजे, आणि जो न्यायला येतो त्याला म्हणायचं मुऱ्हाळी. भाऊ असला तर भाऊ, नाहीतर चुलतभाऊ, नाहीतर काका-मामा. तोही वाटेल तेव्हा येऊन चालत नाही. दिवाळीत मळ्यात भाजी उभी असते, म्हणून दिवाळीचं माहेर आमच्या घरात नव्हतंच. जायचं ते अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भर उन्हाळ्यात, मळा रिकामा झाल्यावर. घाटाखालच्या गावांत तेव्हा निंबाच्या झाडांना झोके बांधतात, माहेरवाशिणी झोक्यावर बसून गाणी म्हणतात, आंब्याचा रस खातात आणि सासूची नक्कल करतात. वर्षभर साठलेलं तिथे ओकून टाकतात, म्हणून तर पुढचं वर्ष निभतं.

मला भाऊ नाही. बाप मी लहान असताना गेला. आई मनकर्णाबाई आणि मी, एवढंच आमचं घर. लग्नानंतर दोन अखज्यांना चुलतभाऊ मोतीराम मुऱ्हाळी म्हणून आला. मग तो भुसावळला रेल्वेत लागला आणि तिसऱ्या अखजीला त्याला सुटी मिळाली नाही. मी पिशवी भरून खुंटीला अडकवून ठेवली होती. रोज भांडी घासता घासता वाटेकडे बघायची. झोके बांधून झाले, उतरूनही झाले, मामंजींनी पेरणीची तिफण काढली, तेव्हा मी पिशवी रिकामी केली.

आणि मला कुणी 'जाऊ नको' म्हणालं होतं का? कुणीच नाही. माझा सगळा संताप इथेच आहे. माझ्या सासूबाई अन्नपूर्णाबाई, आवाज असा की दुधावर साय धरावी. त्या म्हणायच्या, "जाय ना माय, तुले कोन नाही म्हनते? मुऱ्हाळी येऊ दे." मामंजी म्हणायचे, "हाव, मुऱ्हाळी येऊ दे." शेजारच्या म्हातारीला विचारलं तर तीही तेच. अहो, नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. ही सगळी माणसं हो म्हणत होती आणि मी जागच्या जागी होते.

राहता राहिले माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण रागातच लिहायला बसले आहे तर घेते, शेषराव. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, एकदाचा निकाल लागला असता. एकदा गोठ्यात त्यांना एकटं गाठून मी म्हटलं, "तुमीच मले सोडून द्या ना रोहिनखेडले. सकाळी निघू, दुपारी पोचू."

ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "जावई बिनबोलावता सासरवाडीले जाते काय? लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, जावई चांगला हाय."

"तसे लोक म्या अजून पाह्यले नाहीत," ते म्हणाले, आणि बैलाला पाणी दाखवायला घेऊन गेले.

तर हिवाळा आला की मी वाट धरायची. म्हसोबापासून एक पायवाट घाटात उतरते. निमित्त सरपणाचं. सकाळची मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर बाजारात रवाना झाली की कोयता आणि दोर घेऊन मी निघायची. खोटं कशाला बोलू, मला ती वाट फार आवडायची. वर कड्यावर वारा असा झोंबायचा की धाबळीतून आरपार जायचा. पण पहिलं वळण उतरलं की वारा डोक्यावरून निघून जायचा आणि ऊन एकट्या माझ्यासाठी ठेवल्यासारखं अंगावर यायचं. वाळलेलं गवत कमरेएवढं आणि पिवळं. सागाची पानं पायाखाली अशी वाजायची की आपल्यामागे कुणी येतंय असं वाटून मी वळून बघायची. मोरांची पिसं सापडायची. एकदा रोही म्हणजे नीलगाईचा नर समोर आला, घोड्याएवढा, मला बघून उभा राहिला आणि मग सावकाश झाडीत गेला. त्याला मुऱ्हाळी लागत नव्हता.

घाटाच्या मध्यावर एक बोर होती. बोरं लहान पण गोड, आणि थंडीने तडकलेली तर साखरेसारखी. तिथपर्यंतच जायचं, असा नियम होता. कुणी सांगितला म्हणाल तर सासूबाईंनी, तोही सायीच्याच आवाजात. "बोरीच्या खाली सरपन नाही बाई." म्हणजे म्हसोबापासून बोरीपर्यंत ती सरपणाची वाट आणि बोरीच्या खाली तीच माहेरची वाट. वाट तर एकच होती. पण बोरीच्या खाली पाऊल टाकलं असतं तर सून मुऱ्हाळ्यावाचून पळाली असं गावभर झालं असतं.

मी बोरीखाली बसायची, ओटीत बोरं घ्यायची आणि खाली बघायची. खालचं रान वरच्यापेक्षा उबदार दिसायचं. मोटेवर बैल हिंडताना दिसायचे, धूर दिसायचा, त्यातला आईच्या चुलीचा कोणता ते मी ठरवून टाकायची. वर हाडं गारठवणारं हिव आणि मनात एकच धोशा, कधी ऊन तापतं, कधी पळस फुलतो, कधी अखजी येते. हिवाळ्यात उन्हाळा मागणारं माणूस वेडं म्हणतात. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी अर्ध्या कोसावरून आणावं लागतं, विहिरीच्या तळाशी लोटा बुडत नाही, आणि मी तो उन्हाळा मागत होते. कारण माझं माहेर त्या उन्हाळ्याला बांधून ठेवलं होतं. ज्यांनी बांधलं त्यांना ना हिव लागत होतं ना ऊन.

घरी पोचायला उशीर व्हायचा. मोळी मात्र लहान. सासूबाई मोळीकडे बघून म्हणायच्या, "सरपन तोडाले गेली होती का झाडं लावाले?" मी गप्प बसून भाकरी थापायची, पण भाकरीवर हात असा पडायचा की परातीला कळायचं.

त्या पौषात आमच्या नणंदबाई आल्या. आशाबाई, दिलेल्या देऊळगाव राजाला. सकाळी मनात आलं, एसटीत बसल्या, बुलढाण्याला उतरल्या, तिथून ओळखीच्या गाडीत आमच्या गावी. एकट्या. हातात पिशवी, तोंडात पान. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि त्या रात्री वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर, शेंगदाण्याचा ठेचा. माझं आशाबाईंशी काही वाकडं नाही. त्यांनीच मला थंडीत हात फुटतात म्हणून लावायला तूप दिलं. पण मला राहवेना. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, आशाबाईले आनाले मुऱ्हाळी कोन गेलता?"

"कोनी नाही. तिचं मन झालं, आली."

"मंग मीबी एसटीनं मलकापूर गाडीत बसतो, मोताळ्याले उतरतो."

सासूबाई हसल्या. रागावल्या असत्या तर चाललं असतं. "येडी हायेस का? आशा लेक हाय. लेक माहेरी येते, सून माहेरी जाते. येनारीले कोन अडवीन? जानारीले कोनी न्यायले पाह्यजे."

मी म्हटलं, "म्हंजे मी माह्या घरून लेक म्हनून निघाली असती तं चाललं असतं?"

"तुहं घर हेच हाय," त्या म्हणाल्या आणि भाकर उलटली.

मी उठले आणि सरपण असतानाही सरपणाला गेले.

बोरीपाशी शालूबाई बसलेली होती. शालूबाई रोहिणखेडची कासारीण. संक्रांतीच्या सुमारास बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन घाट चढायची, वरच्या गावांतून बायांचे हात भरायची आणि उतरायची. तिला घाट चढा-उतरायला कुणी मुऱ्हाळी विचारत नव्हतं, कारण ती धंद्याला निघालेली असायची. दोन्हीकडचे निरोप तीच न्यायची. मी तिला बोरं दिली आणि विचारलं, माय कशी आहे.

शालूबाईने पाटीवरचं फडकं नीट केलं. "बरी हाय. डोळ्याले पडदा आला तिच्या. परवा बांगड्या पाहाले बसली, तं हिरवी कोनती अन् लाल कोनती मलेच इचारत होती. बोटानं चाचपते. म्हने, पुष्पी आली की तिच्या हातचं कायबाई खाईन, आता मले चुलीची धग समजते पन भाकर करपलेली दिसत नाही."

शालूबाई म्हणाली, "तिनं निरोप देल्ला. म्हने, पोरीले सांग, ऊन तापू दे. मोतीरामाच्या पाया पडतो, पन अखजीले मुऱ्हाळी पाठवतोच."

पुन्हा ऊन तापू दे. पुन्हा अखजी. दोन मुलखांत एकच मंत्र. आणि मोतीराम कसा येणार होता? त्याच्या बायकोने मागेच सांगून पाठवलं होतं, आता आमच्या भरवशावर राहू नका. आईला हे ठाऊक होतं, तरी ती मला उन्हाळा दाखवत होती, जसं रडणाऱ्या पोराला चंद्र दाखवतात. माझं टाळकं सरकलं.

"तिले सांग," मी म्हटलं, "उन्हाळ्याची वाट पाहू नको. मोतीराम येत नाही, तो आला नाही तं मी येत नाही. ज्याच्या घरी मुऱ्हाळी नाही त्याच्या घरी लेक नाही. आपल्याले लेक नवतीच असं समज म्हना."

शालूबाई माझ्याकडे बघत राहिली. "असं सांगू मी तिले?"

"असंच सांग."

राग कुणाचा आणि निघाला कुणावर, हे शालूबाईलाही कळत होतं. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि बोरीच्या खाली उतरून गेली. मी मोळी न बांधताच वर आले. त्या दिवशी सासूबाईंनी विचारलंसुद्धा नाही, कारण माझं तोंड त्यांनी बघितलं होतं.

माघात थंडीने कहर केला. एका रात्रीत तुरी काळ्या पडल्या, वांग्याची झाडं कढत पाणी ओतल्यासारखी मान टाकून बसली. मामंजी ओट्यावर शेकोटी करून घोंगडीत बसायचे, शेषराव मळ्यात ओल्या काडीचा धूर करायचे. अशाच एका सकाळी, ऊन ओट्यावर नुकतं चढलं असेल, मी आत ताक घुसळत होते. बाहेर काठी वाजली. मग मामंजींचा आवाज, "कोन हाय?"

आणि त्याला उत्तर आलं, "मुऱ्हाळी आला जी."

मला वाटलं मोतीराम. पण आवाज मोतीरामाचा नव्हता. रवी तशीच सोडून मी दाराशी धावले. ओट्यावर, पुरुष बसतात त्या सतरंजीवर, माझी आई बसली होती. पदर डोक्याला घट्ट गुंडाळलेला, पायांत चिंध्या बांधलेल्या, हातात काठी. दम लागलेला होता. शालूबाई अंगणाच्या कडेला पाटी घेऊन उभी होती, हाताला धरून तीच तिला घाट चढवून घेऊन आली होती. आईच्या मांडीवर एक फडकं होतं. तिने ते सोडून चाचपून मांडलं. खण, नारळ आणि मुरमुऱ्याचे लाडू, मुऱ्हाळ्याने आणायच्या सगळ्या वस्तू.

सासूबाई माझ्यामागून आल्या. मग म्हणाल्या, "अवो इहीनबाई, बाहीर कायले बसल्या? आत या ना."

"नाही जी," आई म्हणाली. "इहीनबाई आली असती तं आत आली असती. मी मुऱ्हाळी हाय. मुऱ्हाळी ओट्यावरच बसते. पोरीले न्यायले आलो."

आलो. आली नाही, आलो. मामंजींनी शेकोटीतलं लाकूड हलवलं. शेषराव मळ्यातून येऊन बैलगाडीच्या चाकाशी उभे राहिले होते आणि चाकात काही बिघडलंय का ते बघत होते. चाकात काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं.

मामंजी हळूच म्हणाले, "पन अखजी..."

"अखजीपावतर मले दिसन का नाही, देवाले ठाऊक," आई म्हणाली. "उन्हाळा तुमच्या घरचा कायदा हाय, माह्या डोळ्याचा नाही."

सासूबाईंनी तिला नाही म्हटलं नाही. त्या कधीच नाही म्हणत नाहीत हे मी सांगितलंच आहे. त्या पुढे झाल्या, मोठ्या आदराने पाय धुवायला पाणी दिलं, आणि तोच सायीचा आवाज लावून म्हणाल्या, "आले तं बरं झालं. न्या ना, कोन नाही म्हनते? पन आमच्या दारून मुऱ्हाळी बिनजेवता गेला असं आजवर झालं नाही. जेवा, अन् न्या तुमच्या बहिनीले."

आणि त्या माझ्याकडे वळून बघून आत गेल्या.

माझ्या डोक्यात तिडीक उठली. कारण आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप लेकीच्या घरी जेवत नाहीत. पाणीसुद्धा घेत नाहीत. माझी कूस अजून उजवली नव्हती, आणि आई हा नेम देवाचा म्हणून पाळत आली होती. लग्नानंतर एकदा ती या गावात लग्नाला आली होती, तेव्हा आमच्या दारात उभं राहून बोलली आणि पाणी प्यायला शेजाऱ्यांकडे गेली. सासूबाईंना हे चांगलं ठाऊक होतं. आई असाल तर जेवणार नाही, आणि जेवणार नाही तर मुऱ्हाळी नाही. बोलणं कसं गोड, आणि दार कसं चपखल लावलेलं. मी शेषरावांकडे बघितलं. ते अजून चाकाशीच होते. मामंजी म्हणाले, "चहा तरी..." आणि चहातही पाणीच असतं हे आठवून गप्प झाले.

मी आईपाशी गेले आणि तिच्या कानाशी म्हटलं, "उठ माय. तू जाय. नाही येत मी. या लोकायचं तोंड नको पाहू."

तिने माझा हात चाचपला, बांगड्यांवरून बोट फिरवलं आणि बाजूला केला. आतल्या बाजूला तोंड करून, सगळ्या वाड्यावस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताट वाढा."

सासूबाई ताट घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी होती. भाकर, तुरीचं वरण, वांग्याची भाजी, आणि मुऱ्हाळ्याला काहीतरी गोड लागतं म्हणून गुळाचा शिरा. माझ्या आईने आमच्या घरचं पाणी पहिल्यांदा तोंडाला लावलं. घोट घशाखाली जाताना तिचे डोळे मिटले होते. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला. तिला नीट दिसत नव्हतं, हात भाजीऐवजी नुसत्या ताटावर पडत होता. सासूबाईंनी वाकून ताट जरा फिरवलं, भाजी तिच्या हाताखाली आणली. तेवढं मी त्यांचं चांगलं सांगते, खरं कशाला लपवू.

"अजून एक भाकर?" सासूबाईंनी विचारलं. मुऱ्हाळ्याला आग्रह करावाच लागतो.

"वाढा," आई म्हणाली. "मुऱ्हाळ्याची भूक हाय. घाट चढून आला."

ती भाकरही तिने संपवली. शिराही संपवला. तिला शिरा आवडत नाही, गोडाने तिच्या दाढेत कळ येते. मी खांबाला धरून उभी होते, आणि मला रडू येत होतं की कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. ती घास घेत होती आणि आमच्या ओट्यावरची एवढी मोठी माणसं ते बघत होती. एकालाही म्हणता आलं नाही, राहू द्या, पोरीला घेऊन जा. साधं वाक्य आहे. जीभ काय झिजली असती?

आईने ताटात हात धुतला, पदराला पुसला. "जेवलो," ती म्हणाली. "आता पाठवा."

सासूबाईंनी माझी ओटी भरली. जाताना म्हणाल्या, "आठ दिवसांनी धाडा बरं तिले परत. मळ्यात काम हाय."

"हाव," आई म्हणाली. "पन धाडतो तं अखजी झाल्यावर धाडतो. मुऱ्हाळी वर्षातून एकदाच येते ना जी. परत परत घाट कोन चढीन?"

मामंजी घोंगडीत हसले असावेत, कारण घोंगडी हलली. माघ आणि अखजी यांच्यात अख्खा फाल्गुन आणि चैत्र पडतो. पण नाही म्हणायची रीतच आमच्या घरात नव्हती, आणि त्या दिवशी ती रीत पहिल्यांदा माझ्या कामी आली. शेषराव चाकापासून हलले आणि म्हणाले, "मोताळ्यापावतर गाडी जुंपू काय?" आई म्हणाली, "जावईबापू, तुमाले बोलावनं नाही. बोलावलं की या."

आम्ही म्हसोबापाशी आलो. शालूबाईला वरच्या गावांत बांगड्या भरायच्या होत्या, ती तिथून वळली. मी आईचा हात खांद्यावर घेतला आणि उतरायला लागले. वारा डोक्यावर राहिला, ऊन अंगावर आलं. बोर मागे पडली तरी मला कळलं नाही, इतकी मी संतापाने फणफणत होते. आईला वाट दिसत नव्हती, पण पायांना ठाऊक होती. ती म्हणाली, पानं वाजून राह्यली, साग आला वाटते. मी हो म्हटलं. मग मला राहवलं नाही.

"माय, माह्यापायी तू नेम मोडला. एवढ्या वर्षाचा. देवाचा."

"म्या कुठं मोडला?" आई म्हणाली. "जेवला तो मुऱ्हाळी जेवला. तुही माय काल सांजपासून उपाशीच हाय. घरी गेलं की तिले दोन भाकरी टाकून दे."

घरी पोचल्या पोचल्या मी पिशवी टाकली, चूल पेटवली आणि भाकरी टाकल्या. ती चुलीशी येऊन बसली आणि पहिल्यांदाच जेवत असल्यासारखी जेवली.